पूर येणाऱ्या गावातला वाचक आणि ई-रीडर : तीन वर्षांच्या वापरानंतर

ऑगस्ट २०२२ मध्ये मी ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तके वाचण्याचे हातात मावणारे यंत्र, विकत घेतला, तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात चारशेच्या आसपास पुस्तके उरली होती. त्याच्या तीन वर्षे आधी ती अकराशेच्या वर होती. मधल्या काळात काय झाले ते सांगलीकरांना वेगळे सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेले. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात, यावरून ते पाणी गावात कुठवर शिरले असेल याचा अंदाज यावा. आमच्या तळमजल्यावर ते छातीच्या वर होते आणि कित्येक दिवस हलले नाही. सांगलीच्या नगर वाचनालयासारख्या जुन्या संस्थेचे हजारो ग्रंथ त्या पाण्यात गेले, तिथे एका शिक्षिकेच्या घरातल्या तीन कपाटांचा काय पाड लागणार होता?

छापील पुस्तक की ई-रीडर, या विषयावरची चर्चा बहुधा कागदाच्या वासाभोवती आणि पडद्याने थकणाऱ्या डोळ्यांभोवती फिरत राहते. नदीकाठच्या आमच्या गावात तो सगळ्यात आधी पाण्याचा प्रश्न आहे. म्हणून हे परीक्षण मी त्याच बाजूने लिहिते आहे. यंत्राच्या कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण या आकाराची आणि या जातीची यंत्रे एकापेक्षा अधिक कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचे आहे ते थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांना लागू पडते.

पुरात भिजलेल्या पुस्तकांविषयी आधी थोडे लिहिले पाहिजे, कारण कागदाची ताकद आणि कागदाची मर्यादा या दोन्ही गोष्टी मला तिथेच कळल्या. पाणी उतरल्यावर आम्ही घरात शिरलो, तेव्हा कपाटातली पुस्तके फुगून एकमेकांत इतकी घट्ट बसली होती की काचेची दारे उघडेनात, आणि शेवटी सुताराला बोलावून चौकट कापावी लागली. सगळ्यात खालच्या कप्प्यात बोटभर गाळ साचला होता. साध्या, खरबरीत कागदावरची जुनी पुस्तके माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त तग धरून होती. पाने हलक्या हाताने सुटी करून, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून, दर दोन तासांनी ते कागद बदलत पंख्याखाली ठेवल्यावर त्यांतली काही पुन्हा वाचता येऊ लागली. चकचकीत आर्ट पेपरवर छापलेली पुस्तके मात्र पूर्ण गेली. त्या कागदावर मातीचा बारीक लेप दिलेला असतो. तो भिजून वाळला की पाने एकमेकांना कायमची चिकटतात आणि पुस्तकाची वीट होते. मंदिरशिल्पांवरचा एक महागडा ग्रंथ मी तीन महिने पगारातून पैसे बाजूला टाकून घेतला होता. त्याचे एकही पान सुटले नाही. मी त्याच्या कडेला पट्टी लावून पाहिली, चाकूची धार लावून पाहिली, आणि मग तो इतरांबरोबर घंटागाडीत दिला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेले. या वेळी आम्हाला सुमारे एक दिवस मिळाला. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या व्हरांड्यात चार मोठी खोकी ठेवण्यापुरती जागा दिली. त्यांच्याकडेही आणखी दोन कुटुंबांचे सामान आले होते, त्यामुळे त्याहून जास्त मागणे शक्य नव्हते. चार खोक्यांत दोनशे-सव्वादोनशे पुस्तके मावतात. पाणी चौकापर्यंत आले होते, पाऊस थांबत नव्हता आणि मी कपाटासमोर उभी राहून एकेक पुस्तक घ्यायचे की ठेवायचे हे ठरवत होते. विचार करायला वेळ नव्हता. हात आपोआप जात होता.

पाणी ओसरल्यावर ती खोकी उघडली, तेव्हा हात कुठे गेला होता हे शांतपणे पाहता आले. वडिलांची निळ्या शाईतली सही आणि खरेदीची तारीख असलेली सगळी पुस्तके मी वर नेली होती. पुन्हा छापली न गेलेली पुस्तके नेली होती. शिकवताना वीस वर्षे समासात टिपणे करून भरलेले दोन शब्दकोश नेले होते, कवितांचे जवळजवळ सगळे संग्रह नेले होते, आणि माजी विद्यार्थ्यांनी पहिल्या पगारातून भेट दिलेली पुस्तके नेली होती, जरी त्यांतली काही मी अजून वाचलेलीही नाहीत. खाली राहिल्या त्या कुठेही सहज मिळणाऱ्या कादंबऱ्या, इंग्रजी कागदी बांधणीची पुस्तके, चरित्रे, आरोग्यावरची आणि माहितीपर पुस्तके. त्यांतली बरीचशी मला आवडलेली होती. पण त्यांच्यातला मजकूर मला हवा होता. तीच प्रत हवी होती असे नाही. ई-रीडर घ्यायचा निर्णय त्या दिवशी झाला, आणि त्यात काय वाचायचे व काय नाही याची यादीही त्याच दिवशी तयार झाली, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

आता यंत्राकडे येते. माझ्या ई-रीडरचा पडदा कर्णात ६.८ इंचांचा आहे, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि त्यावर दर इंचाला ३०० ठिपके उमटतात, म्हणजे अक्षराची कड छापील अक्षराइतकी स्वच्छ दिसते. हा पडदा मोबाइलच्या पडद्यासारखा नसतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. त्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात, त्या कुप्यांत पांढऱ्या आणि काळ्या रंगाचे विरुद्ध विद्युतभाराचे कण तरंगत असतात, आणि वीज ज्या दिशेने लावावी त्याप्रमाणे पांढरे किंवा काळे कण पृष्ठभागावर येतात. एकदा पान उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही, फक्त पान उलटताना लागते. म्हणून हे यंत्र एकदा चार्ज केल्यावर मला तीन आठवडे तरी पुरते. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसदिवस वीज जाते, तेव्हा याची किंमत कळते. अंधारात वाचण्यासाठी असलेला दिवा पडद्याच्या मागून डोळ्यांत येत नाही. तो कडेने पडद्यावर पसरतो आणि त्याचा रंग रात्री पिवळसर करता येतो. दुपारच्या कडक उन्हात, जिथे मोबाइलवर काही दिसत नाही, तिथे हा पडदा उलट अधिक स्पष्ट होतो.

मी तासगावच्या बाजूला नोकरीला आहे आणि रोज एस.टी.ने जाऊन येऊन करते. जागा मिळाली नाही तर एका हाताने दांडी धरावी लागते. जाड कादंबरी एका हातात धरून उभ्याने वाचता येत नाही, हे मी वीस वर्षे अनुभवले आहे. ई-रीडर मात्र एका हातात मावतो आणि पान अंगठ्याने उलटता येते. रोजचे जाता-येताचे मिळून दीड तास वाचन गेल्या तीन वर्षांत याच यंत्रामुळे झाले. हिशेबाने सांगायचे तर तीन वर्षांत मी त्यावर ७४ पुस्तके वाचली. त्यांपैकी मराठी फक्त २६ आहेत, आणि माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षिकेसाठी हा आकडा फार कमी आहे. त्याची कारणे नीट सांगितली पाहिजेत.

पहिले कारण, मराठी पुस्तके ई-स्वरूपात मिळतात, पण हवी ती मिळत नाहीत. २०१६ च्या अखेरीस ॲमेझॉन कंपनीच्या किंडल या ई-रीडरवर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तके विकायला सुरुवात झाली, तेव्हापासून संख्या वाढली आहे हे खरे. गाजलेल्या लेखकांच्या लोकप्रिय कादंबऱ्या, व्यक्तिमत्त्व विकासाची भाषांतरे, नवी चरित्रे सापडतात. परंतु साठ-सत्तरच्या दशकातले कथासंग्रह, समीक्षा, ललित लेखन, छोट्या प्रकाशकांचे काम, दलित आणि ग्रामीण साहित्यातली महत्त्वाची पुस्तके शोधायला गेले की हाती निराशाच येते. काही पुस्तके विक्रेत्याच्या स्वतःच्या ॲपमध्येच उघडतात, म्हणजे ती मोबाइलवर वाचावी लागतात आणि ई-रीडरचा सगळा फायदाच संपतो.

दुसरे कारण मला अधिक खुपते, कारण ते निष्काळजीपणाचे आहे. अनेक मराठी ई-पुस्तके युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरे सारखीच ओळखली जाण्याच्या सामायिक पद्धतीच्या, आधीच्या काळात जुन्या फाँटमध्ये जुळवलेल्या मजकुरातून रूपांतरित केलेली असतात आणि रूपांतरानंतर ती कोणी वाचून पाहिलेली नसतात. त्यात सगळ्यात आधी मोडतो तो 'ऱ्या'. मराठीत 'आचार्यांचा' आणि 'आचाऱ्यांचा' हे दोन वेगळे शब्द आहेत. एक गुरूंचा, दुसरा स्वयंपाक्याचा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. सह्याद्रीच्या भटकंतीवरच्या एका ई-पुस्तकात सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' आहे, 'वाऱ्यावर'च्या जागी 'वार्यावर' आहे, आणि मधूनमधून अनुस्वार शेजारच्या अक्षरावर सरकला आहे. त्याच पुस्तकाची छापील प्रत मी नंतर वाचनालयातून आणून ताडून पाहिली. तिच्यात यातली एकही चूक नाही. म्हणजे मुद्रितशोधनाचे काम एकदा चोख झालेले होते, आणि पैसे देऊन ई-प्रत घेणाऱ्या वाचकाला मात्र त्याचा लाभ दिला गेला नाही. यात यंत्राचा दोष नाही. पण वाचकाच्या हातात यंत्रच असते आणि त्याचा विश्वास त्याच्यावरूनच उडतो.

अक्षरांच्या वळणाचेही तसेच. मराठीतला 'ल' आणि मराठीतला 'श' हिंदीतल्यापेक्षा वेगळे लिहिले जातात, हे आपण पहिलीच्या पाटीपासून शिकतो. माझ्या यंत्रातला मूळ देवनागरी फाँट हिंदी वळणाचा आहे. सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येक 'ल'पाशी डोळा किंचित अडखळत असे. नंतर मी मराठी वळणाचा, मोफत मिळणारा एक फाँट संगणकावरून यंत्रात टाकला आणि हा त्रास संपला. ज्यांच्या यंत्रात बाहेरचा फाँट टाकता येतो त्यांनी हे पहिल्याच दिवशी करावे, अगदी अर्ध्या तासाचे काम आहे.

तिसरी अडचण स्कॅन केलेल्या पुस्तकांची. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी दुर्मीळ पुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत ठेवली आहेत. ही मराठी वाचकांची फार मोठी सोय आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे जुन्या पिढीतल्या लेखकांची पुस्तकेही स्कॅन होऊन उपलब्ध झाली आहेत. मी ती उत्साहाने यंत्रात भरली. पण डेमी आकाराचे पान साडेआठ इंच उंच असते आणि माझा पडदा जेमतेम साडेपाच इंच उंच आहे, म्हणजे पान जवळजवळ दोन तृतीयांश आकाराचे होते आणि बारा पॉइंटचे अक्षर औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीतल्यासारखे दिसू लागते. स्कॅन हे चित्र असल्यामुळे अक्षर मोठे करून ओळी नव्याने जुळत नाहीत. यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचता येते, तसे मी दोन ग्रंथ वाचलेही, पण ते वाचन सुखाचे नव्हते. अशा पुस्तकांसाठी दहा इंची पडदा हवा, आणि त्याची किंमत माझ्या यंत्राच्या दुपटीच्या पुढे जाते. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचे माझ्याकडचे तीन खंड पहिल्या पुरात गेले. आता तो सगळा मजकूर इंटरनेटवर मोफत आणि टंकलिखित स्वरूपात आहे, त्यामुळे ते खंड मी पुन्हा घेतले नाहीत. मात्र नोंदी मोबाइलवर पाहते. ई-रीडरवरचा ब्राउझर इतका संथ आहे की एका नोंदीतून दुसरीत जाईपर्यंत मूळ शंकाच विसरते.

एवढ्या तक्रारी लिहिल्यावर वाचकाला वाटेल की मी हे यंत्र परत करायला निघाले आहे. तसे नाही, आणि त्याचे सगळ्यात मोठे कारण माझ्या सासूबाई आहेत. आम्ही त्यांना आईच म्हणतो. त्यांचे वय ८१ आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पण दृष्टिपटलाच्या त्रासामुळे पुस्तकातले नेहमीचे अक्षर त्यांना दिसेनासे झाले होते. त्या जन्मभर वाचत आल्या. दुपारी जेवण आटोपले की पाठीशी उशी घेऊन तासभर वाचायचे, हा त्यांचा नेम. २०२२ च्या आधीची दोन वर्षे तो नेम मोडला होता. मी किंवा मुलगा वाचून दाखवत असू, पण आमच्या वेळा आणि त्यांची दुपार यांचा मेळ बसत नसे. भिंगही आणून पाहिले; हात थरथरत असल्यामुळे त्याखाली ओळ ठरत नसे.

यंत्र आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी एक कथासंग्रह उघडून अक्षर वाढवत नेले. एका पानावर सात-आठच ओळी मावतील एवढे ते झाले, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला, यंत्र स्वतःकडे ओढून घेतले आणि ओठ हलवत पहिली ओळ वाचली. मग म्हणाल्या, "आता दिसतंय गं. तू जा, तुझी कामं कर." मी स्वयंपाकघरात गेले. तासाभराने पाहिले तर त्या चोविसाव्या पानावर होत्या. त्या दिवशी मी त्या यंत्राची किंमत वसूल झाली असे मानले, आणि आजही मानते.

त्यांच्या वापरातून यंत्राचे जे दोष दिसले ते माझ्या एकटीच्या वापरातून कधी दिसले नसते. पडद्याला नुसता स्पर्श झाला की पान उलटते. थरथरत्या हातांनी धरताना तळवा लागतो आणि दोन-तीन पाने पुढे जातात, मग जागा सापडत नाही. यंत्राच्या कडेला पान उलटण्याची बटणे असती तर हे टळले असते. अशी बटणे असलेली यंत्रे मिळतात, आणि घरातल्या वृद्ध माणसासाठी घेणाऱ्यांनी थोडे पैसे जास्त देऊन तीच घ्यावीत. दुसरे, अक्षर फार मोठे केले की दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या नादात शब्दांमध्ये मोठाली अंतरे पडतात, कारण आपले लांब सामासिक शब्द ओळीच्या शेवटी तोडण्याची सोय यंत्रात नाही. मजकूर फक्त डावीकडे सरळ ठेवला की ते बरेच सुधारते. कविता मात्र मोठ्या अक्षरात वाचताच येत नाही. एकेक ओळ मोडून दोन-तीन ओळी होतात, कवीने कुठे श्वास घेतला होता तेच कळत नाही. आणि पोथी त्यांनी यंत्रावर वाचायला ठाम नकार दिला. ती देवापुढे पाटावर ठेवून, हळदकुंकू वाहून वाचायची असते. श्रावणात मी त्यांच्यासाठी मोठ्या टाइपातली छापील पोथी शोधून आणली.

पैशांचाही हिशेब मांडते, कारण पुष्कळजण तोच आधी विचारतात. यंत्र १४ हजारांना पडले आणि त्याचे आवरण १,२०० रुपयांना. प्रदर्शनात मिळणारी सवलत धरून तुलना केली तर मराठी ई-पुस्तक मला सरासरी ७० रुपयांनी स्वस्त पडले आणि इंग्रजी १५० रुपयांनी. ई-पुस्तकांवरचा वस्तू व सेवा कर २०१८ साली, छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता, १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तर छापील पुस्तकांवर तो नाहीच. विकत घेतलेल्या २६ मराठी आणि २९ इंग्रजी पुस्तकांवर, आणि स्वामित्वहक्क संपल्यामुळे मोफत मिळालेल्या १९ पुस्तकांवर मिळून माझे जवळपास ११ हजार रुपये वाचले. म्हणजे तीन वर्षांनीही यंत्राची किंमत पूर्ण निघालेली नाही. आणखी वर्ष-सव्वा वर्ष लागेल. जो वर्षाला दहाच पुस्तके वाचतो आणि तीही मराठी, त्याने पैसे वाचवण्यासाठी हे यंत्र घेऊ नये. त्याने वाचनालयाची वर्गणी भरावी.

छापील पुस्तकांच्या बाजूनेही सगळेच आलबेल नाही, हे लिहिणे मला आवश्यक वाटते. हल्ली पाच-सहाशे रुपयांच्या पुस्तकाचीही पाने शिवलेली नसतात, नुसत्या डिंकाने चिकटवलेली असतात. गेल्या वर्षी घेतलेल्या एका कादंबरीचा मधला फर्मा दुसऱ्या वाचनातच सुटून हातात आला. वडिलांनी १९६८ मध्ये घेतलेले, शिवण असलेले पुस्तक पुरात भिजूनही एकसंध राहिले आणि हे कोरडे असून तुटले. प्रकाशकांनी किंमत वाढवताना शिलाई बांधणी परत आणली, तर कागदाची बाजू मांडणे आमच्यासारख्यांना सोपे जाईल.

पण कागदाकडे दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांना यंत्रात उत्तर नाही. पहिली मालकीची. ई-पुस्तक आपण विकत घेतो असे म्हणतो, प्रत्यक्षात वाचण्याचा परवाना घेतो. जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीच्या विकलेल्या प्रती, विक्रेत्याकडे हक्क नव्हते या कारणाने, ग्राहकांच्या किंडलमधून दूरस्थपणे काढून घेतल्या गेल्या; पैसे परत मिळाले, कंपनीने नंतर माफीही मागितली, पण पुस्तक गेलेच. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तिथून घेतलेली पुस्तकेही पैसे परत देऊन बंद झाली. कृष्णेने माझी सातशे पुस्तके नेली, तरी ती माझी होती याबद्दल कुणाचे दुमत नव्हते.

दुसरी गोष्ट देण्याघेण्याची. मी शिक्षिका आहे. माझी पुस्तके कपाटात कमी आणि मुलांच्या दप्तरात जास्त असतात. नववीतल्या एका मुलीने आत्मकथनाचे एक पुस्तक नेले, ते तिच्या आईने वाचले, मग मावशीने कवठेमहांकाळला नेले, आणि पाच महिन्यांनी ते परत आले तेव्हा त्यात द्राक्षाच्या पेटीतल्या कागदाची घडी खूण म्हणून होती. त्या मुलीच्या आईने विशिष्ट पानावर ती ठेवली होती. ते पान मी पुन्हा वाचले आणि पुढच्या पालकसभेत त्या बाईंशी वेगळ्या रीतीने बोलले. यंत्रातले पुस्तक मी त्या मुलीला देऊ शकले नसते. द्यायचे तर सगळे यंत्र द्यावे लागले असते, माझ्या सगळ्या खुणा आणि टिपणांसह. औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरते, तिथे आम्ही जातो आणि लेखक भेटले तर पुस्तकावर सही घेतो. ती सहीसुद्धा पुस्तकाबरोबर घरोघर जाते.

म्हणून माझ्याकडे आता दोन वेगळ्या याद्या आहेत. प्रवासात वाचायची, एकदा वाचून संपणारी, इंग्रजी, जाडजूड आणि आईंना वाचायची पुस्तके यंत्रावर. कविता, कोश, ज्यात टिपणे करायची ती, मुलांना द्यायची आणि पुन्हा छापली जाण्याची शक्यता नसलेली पुस्तके कागदावर. नवे पुस्तक समोर आले की मी अजूनही तोच प्रश्न विचारते: पाणी चौकापर्यंत आले तर हे मी चार खोक्यांत घेईन का? या कसोटीने माझे निर्णय बहुतेक वेळा बरोबर आले आहेत. पुस्तक वाचण्याआधी मात्र त्याचे उत्तर नेहमी देता येत नाही. सहा पुस्तके अशी निघाली की ती मी यंत्रावर वाचली, संपवली, आणि आठवड्याभरात छापील प्रत विकत घेतली, म्हणजे त्यांच्यासाठी दोनदा पैसे दिले.

दर जूनमध्ये, मृग लागायच्या सुमारास, आम्ही ती चार खोकी रिकामी करून नव्याने भरतो आणि माळ्यावर चढवतो. तळाशी जाड प्लॅस्टिक, मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला, वर नावांची यादी. या जूनमध्ये यादी २१२ वर थांबली. ती सहा पुस्तके त्यात आहेत. सातवे आहे ते आईंनी यंत्रावर वाचलेले. संपवल्यावर त्या म्हणाल्या, "हे घरात असू दे." हरभट रोडवरच्या आमच्या नेहमीच्या दुकानात मी ते मागवून ठेवले आहे. आवृत्ती संपली आहे, पुण्याहून एखादी प्रत मिळाली तर कळवतो, असे दुकानदार म्हणाले. तोवर चौथ्या खोक्यात वरच्या बाजूला तेवढी जागा सोडली आहे.